इद्रिसूच्या चालीने

बिस्मिल्ला. मी जैतून, मरहूम जाफर होडेकर यांची पत्नी, मूळ गाव बाणकोट, सध्या मुलगा फैसल याच्या घरी अल वक्रा, कतार, हे राजीखुशीने लिहून ठेवते. अक्कल ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने माझ्याशी अर्धा तास भांडून पाहावे. मी सांगते आणि शेजारचे राजाभाऊ, जे पूर्वी वकिलाच्या कचेरीत होते, ते लिहितात. त्यांनी शुद्ध केलेले चालेल, गाळलेले चालणार नाही.

कलम एक. बाणकोटचे घर व नारळीची वाडी फैसल आणि मुलगी मुनीरा यांना शरियतप्रमाणे. बांधावरचा फणस धाकट्या दिरांनी आपला म्हणून इतकी वर्षे खाल्ला. आता खलास. फणस मुनीराचा.

कलम दोन. भाकरीचा तवा नात फरहा हिला. मराठीत विचारले की ती इंग्रजीत उत्तर देते. भाकरी इंग्रजीत थापली तरी चालेल, पण थापावी.

कलम तीन. आपल्यात वारसांचे हिस्से ठरलेले असतात. मृत्युपत्राने देता येतो तो एकतृतीयांश, आणि तोही वारस नसलेल्याला. माझा तो हिस्सा, म्हणजे माझे सोने, इद्रिसूला.

हा इद्रिसू घाना देशातल्या तमाले गावचा, आमच्या इथल्या फुटबॉल क्लबचा पुढच्या फळीतला खेळाडू. माझे यजमान टीमची बस चालवत. १९९७ साली त्यांनी त्याला घरी जेवायला आणला तेव्हा पोरगा नुसता काठी. कोच त्याला उकडलेली कोंबडी घालायचा. मी बांगड्याचे कालवण आणि तांदळाची भाकरी घातली. पहिल्या हंगामात एकही गोल झाला नाही, लोक हसले. पुढच्या हंगामात तो डोक्याने असे गोल मारू लागला की तेच लोक नाचले. तो हवेत उडायचा आणि बचाववाले खाली उभे राहून बघायचे. वा रे माझ्या पठ्ठ्या! हे मी टीव्हीवर स्वतः पाहिले आहे. गोल झाला की तो फाटकाकडे हात करायचा, कारण तिथे बसजवळ हे उभे असायचे.

२००१ साली हे गेले. त्याच आठवड्यात सामना होता. इद्रिसूने गोल मारला आणि थेट फाटकाबाहेर धावला. बसमध्ये नवा ड्रायव्हर होता, तो बिचारा खाली उतरला. इद्रिसूने स्टिअरिंगला हात लावला आणि परत मैदानात आला. रेफ्रीने त्याला पिवळे कार्ड दाखवले. मी इद्दतीत, म्हणजे विधवेच्या सुतकात, घरी बसले होते, टीव्हीवर पाहून पोटभर रडले. त्या रेफ्रीला मी आजही माफ केलेले नाही.

पुढे इद्रिसूचा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, खेळ संपला. तो वर्षभराने पुन्हा उतरला आणि आणखी तीन हंगाम खेळला. गेल्या साली बूट ठेवले. आता दुहैलच्या शाळेत पोरांना शिकवतो आणि जिना चढताना कठडा धरतो.

हे कलम वाचून दाखवले तेव्हा फैसलचे तोंड उतरले. म्हणाला, लोक हसतील. मी म्हटले, पहिल्या हंगामातही हसलेच होते. पण नको म्हणाला तो इद्रिसूच. हा हिस्सा वारस नसलेल्यालाच मिळतो ना, हे त्याने राजाभाऊंना हिंदीत पुन्हा पुन्हा विचारून घेतले. मग माझ्याकडे वळला.

“अम्मी, हा परक्याचा हिस्सा आहे. मला नको.”

हे असते तर त्यांनी साखर वाटली असती. मग तुला देऊ तरी काय, असे विचारले, तर म्हणाला, खांदा. मग फैसलनेच राजाभाऊंना सांगितले, “लिहा, पुढचा डावा खांदा त्याचा.” माझ्या पोटचा आहे, उगाच नाही.

सबब कलम तीन रद्द. ते सोने मोडून बाणकोटच्या मैदानात लोखंडी गोलपोस्ट आणि जाळ्या लावाव्यात. पोरे अजून चपला ठेवून खेळतात.

कलम चार. जिथे मरेन तिथेच माती द्यावी. जनाज्याला पुढे उजवीकडे फैसल, डावीकडे इद्रिसू. आपल्यात मयत भरभर नेतात, ठाऊक आहे. पण त्याचा गुडघा दुखतो, म्हणून सगळ्यांनी त्याच्या चालीने चालावे. मला घाई नाही.

सही: जैतून जाफर होडेकर

साक्षीदार:
१) राजाभाऊ पाटसकर
२) इद्रिसू अलहसन. ज्याला हिस्सा मिळतो त्याने साक्ष देऊ नये, असे राजाभाऊ म्हणतात. याला काही मिळत नाही, म्हणून सही चालते.

अल वक्रा, शुक्रवार, २३ नोव्हेंबर २००७