परतीचा जाळ

५ ऑगस्ट
मिळाली एकदाची नोकरी! लायडनमध्ये इतकी वर्षं काढली, पण कालव्याकाठच्या या जुन्या घरात कधी पाऊल टाकलं नव्हतं. कुणा डच सावकाराचं घर, आता जपानी वस्तूंचं संग्रहालय. छताला गुबगुबीत देवदूत आणि त्यांच्याखाली आमच्या गवती चटया. देवदूतांना बिचाऱ्यांना काय वाटत असेल! प्रमुख हिल्डे बोलघेवडी आहे. मी जपानी, म्हणजे मला जपानचं सगळंच येतं, असा तिचा ठाम समज. नाओ गेल्यापासून आज पहिल्यांदा हसले.

१३ ऑगस्ट
ओबोनचा, आमच्या पितरांच्या सणाचा, कार्यक्रम छान झाला. पितरांना बसायला काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा केला, तर हिल्डे म्हणाली, आम्ही याची कोशिंबीर करतो. संध्याकाळी दारात पितरांना बोलावणारा जाळ पेटवला. लोकांना दाखवायलाच. पण माझी लेक नाओ गेल्यावरचं हे पहिलं ओबोन. काड्या पेटल्या आणि मनात तिचंच नाव आलं.

१४ ऑगस्ट
कुलपं लावताना चटयांच्या खोलीत डोकावले. नाओ बसली होती. पिवळा स्वेटर, दवाखान्यात नेली तेव्हाचा. “आई, किती उशीर केलास,” म्हणाली. मी भ्याले नाही. नुसती रडले.

१६ ऑगस्ट
आज पितरांना परत पाठवायचा जाळ. हिल्डेनं विचारलं, तयारी काय करायची? मी खोटंच सांगितलं की दुसरा जाळ नसतो. माझ्या आईनं ऐकलं असतं तर थोबाडीत दिली असती. पण पोटचं पोर कोण परत पाठवतं?

१९ ऑगस्ट
नाओला बाबाचं नाव आठवेना. मी सांगितलं. पुन्हा विसरली.

२१ ऑगस्ट
स्वतःचं नाव सांगताना अडखळली. चेहराही पुसट होतोय — भीती वाटते. तिची नाही. मी जे केलं त्याची.

२३ ऑगस्ट
“बाई, तुम्ही कोण? माझी आई कधी येईल?”


२४ ऑगस्ट
पेटवला जाळ. मागच्या अंगणात, एकटीनं. जा म्हटलं, राणी, जा आता. हलत नाही. वाट विसरलीय — कुठून आले, विचारते. ओळखत नाही, तरी माझंच बोट धरलंय, मी एका हातानं लिहितेय. सोबत चला म्हणते. एवढ्याशा पोरीला एकटीला कसं — कोपऱ्यापर्यंत येते म्हटलं, फक्त कोपऱ्याप