तांदळाखाली गेलेलं नाव

बाबा,

माझं अक्षर बघून नाक मुरडू नका. चौथीत तुम्हीच मला शाळेतून काढलंत, त्यानंतर वाण्याची यादी सोडून मी फारसं काही लिहिलेलं नाही. आई शिमग्यानंतर गेली. तिचं सगळं रीतीप्रमाणे केलं, त्याची काळजी नको. बोलायचं आहे ते तुमच्या फंडाचं.

तो दिवस तुम्हाला आठवत असेल की नाही कोण जाणे. गोव्याच्या कारखान्यातून तुम्ही रिटायर होऊन आला होतात आणि माझं लग्न अजून ठरायचं होतं. मी मागच्या दारी बांगडे साफ करत बसले आहे. तुम्ही पाट ओढून अगदी जवळ बसता, जसं काही शेजाऱ्यांनी ऐकलं तर पाप लागेल. म्हणता, "गो बाय, कारखान्याच्या पैशातले थोडे फंडात घातलंय. माज्या मागसून आवशीचे, आवशीच्या मागसून तुजे. नॉमिनी म्हणान तुजा नाव घातलंय."

"माका कित्याक? भावाक घाला."

"तेका शिकवलंय, तो कमवतलो. तुका आवशीच्या दुखण्यात घरात बसवलंय. तुका पेन्शन कोण देतलो? ही तुजी पेन्शन."

"बरा. आता सरा थंयसून, पाणी उडता."

एवढंच बोलले मी. दुसरं काय बोलायचं असतं ते मला तेव्हाही येत नव्हतं. पण शाळा सुटल्याचा राग त्या दिवशी गेला, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. पुढे तुम्ही गेलात, आईने तो फंड तसाच पडू दिला, आणि मीही कधी विचारलं नाही. मालवणात पर्यटकांना जेवण घालून माझं चाललं होतं. आता गुडघे वाकत नाहीत. मासे स्टुलावर बसून साफ करते आणि पाहुण्यांना वाढायला जाताना भिंतीला हात लावते. म्हटलं, आता काढावी बाबांनी ठेवलेली पेन्शन.

कुडाळच्या ऑफिसात एक मुलगी बसते. चांगली आहे, पाणीबिणी विचारते. कागद बघून म्हणाली, "काकू, नॉमिनीचं नाव वेगळं आहे आणि तुमच्या आधारवरचं वेगळं."

"लग्नात बदललं."

"आडनाव बदलतं, ते ठीक. पण पहिलं नावही वेगळं आहे."

"आमच्यात तेही बदलतात."

"मग ही तुम्हीच, याचा काही पुरावा?"

आता सांगा बाबा, काय दाखवू? ताटात तांदूळ पसरले होते, नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहिलं, आणि तुम्ही मान पुढे करून वाचलंत. "बरा आसा," म्हणालात. मग सगळ्यांना पेढे वाटले. ते तांदूळ कोणाच्या तरी पोटात गेले असतील. लग्नाची नोंद आपण कुठे केली नाही. भटजी गेले. शाळेचा दाखला आणायला गेले, तर पोरं नाहीत म्हणून शाळाच बंद, आणि रजिस्टर जिथे नेलं तिथे वाळवीने खाल्लं. फंडात नाव घालताना एवढा विचार केलात, मग लग्नानंतर एकदा जाऊन ते बदलावं हे तुम्हाला कसं सुचलं नाही? मला तरी कुठे सुचलं म्हणा.

त्या मुलीने वर आणखी एक सांगितलं. "काकू, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पैसे हातात घेणारा. हक्क सगळ्या वारसांचा." होडी किनाऱ्याला लागली की बाई टोपली हातात घेते आणि लिलावाला नेऊन ठेवते, म्हणून मासळी तिची होत नाही. तुम्ही मला तेवढी टोपली धरणारीच केलं होतंत. तुम्हाला ते ठाऊक नव्हतं. तुम्हाला वाटलं नाव घातलं, काम झालं.

मग भावाला फोन केला. म्हटलं, "मी तीच, असा सही करून दी."

"दितंय गो ताय. नाय खंय म्हणतंय? पण अर्धे माजे, ता पण कागदार येवंदे. वकील म्हणता हक्क आसा."

"बाबांनी माका ठेवले."

"बाबांनी काय सांगल्यानी ता तुका म्हायती. कागदार खंय आसा?"

त्यालाही दोन मुलं शिकवायची आहेत. वाईट नाही तो. चतुर्थीला घरी येताना कागद घेऊन येणार आहे, आणि मी सही करणार आहे. मी तुमचीच मुलगी, एवढं सांगायला अर्धे जातात. भांडून बघितलं, रडून बघितलं, देवळात कौलही लावून झाला. भांडायला समोर कोणी चुकलेलं तरी पाहिजे ना?

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून शेवटचं लिहिते. त्या दिवशी ऑफिसात बाकावर बसले होते. मुलीने कागदावरचं नाव मोठ्याने पुकारलं, तुम्ही ठेवलेलं. दोनदा पुकारलं. मी दाराकडे वळून बघितलं, कोण बाई येते म्हणून.