कारखान्याच्या पगारावरची नर्स

चौक, ९ जून १९७४

चि. सौ. सुनीतीस दत्तूदादाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या यजमानांनी खटपट करून त्यांच्या कारखान्याकडून आपल्या दवाखान्याला वर्षाला तीन हजारांची देणगी मिळवून दिली, तिचं काय झालं ते ऐक. त्या पैशांवर आम्ही शकूला नर्स म्हणून नेमलं. लोधिवलीच्या शेतकऱ्याची मुलगी, हाताला गुण आहे. तीन महिन्यांत एकोणीस बाळंतपणं, सगळी सुखरूप. मी चिटणीस या नात्याने देणगी अहवालाच्या पहिल्याच पानावर ठळक छापली.

सरकार आपली वर्षाची तूट भरून देतं. नर्सची जागा त्यांना मंजूर नाही, म्हणून तिचा पगार त्यांनी खर्चात धरला नाही. देणगी मात्र जमेत धरली आणि अनुदान तीन हजारांनी कापलं. कारखान्याने दिलं ते सरकारने नेलं. आता महिनाअखेर शकूला घरी पाठवावं लागणार. यजमान म्हणतील, देणगी वेगळ्या वहीत लपवा. ते माझ्याकडून होणार नाही.

आंबे पोचले का? मुलांना पापा.

तुझा,
दादा

रसायनी, १६ जून १९७४

ती. स्व. दादांस सुनीतीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पावलं, आंबेही. अहवाल बघून ह्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, एवढी ठळक अक्षरं दादांनी आपल्या लग्नपत्रिकेतही घातली नव्हती!

रागावू नका, ह्यांनी सरळ मार्ग काढला आहे. देणगी बंद, शकूला कारखानाच नोकरीवर घेईल आणि तुमच्याकडे कामाला पाठवील. तुमच्या हिशेबात काही येणारच नाही, अनुदान पुरं मिळेल. सरकारी साहेबांचीही हरकत नाही. अट एकच, कारखाना बोलावील त्या दिवशी तिने इकडे यायचं. असे दिवस वर्षात चार-पाच. तुमचा हट्ट मला ठाऊक आहे, पण शकूकडे बघून सही करा.

वहिनींना नमस्कार. आमच्यावर माया आहे ती राहू द्यावी.

आपली धाकटी,
सुनीती

चौक, ३ ऑक्टोबर १९७४

चि. सौ. सुनीतीस आशीर्वाद.

सही केली होती. अनुदान पुरं मिळालं, तसं पत्र सोमवारी आलं.

मंगळवारी कारखान्यात पाहुणे होते, म्हणून शकूला न्यायला गाडी आली. ती म्हणाली की हिरूचे दिवस भरलेत, आज मी जात नाय. मीच तिला सांगितलं की करार आहे, जायला हवं. दुपारी विठू बायकोला, हिरूला, बैलगाडीतून घेऊन आला. डॉक्टर खालापूरला गेलेले. कंपाउंडर गडबडला. हिरू वाचली, मूल गेलं. शकू तेव्हा तिकडे पाहुण्यांसमोर पांढऱ्या कपड्यांत उभी होती.

विठूने मला विचारलं की शकूबाई सरकारची हाय, कारखान्याची हाय, का आमची हाय. सुनीती, मला लाज वाटते.

करार मोडल्याचं पत्र सोबत आहे, ते यजमानांनी वर द्यावं. त्यांच्यावर राग नाही. शकूचा पगार मी माझं भात विकून देणार आहे. विठूच्या घरी जाऊन तसं सांगितलं. हिरू आत निजली होती, तिला उठवू नका एवढंच विठू म्हणाला.

दादा