टाकीतले तेल आणि रोलवरचे तेल

मी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, पत्र्याच्या कारखान्यातील रोलिंग विभागाचा निवृत्त मुख्य अभियंता, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाविना लिहीत आहे. पत्नीचा आग्रह दबावात मोजलेला नाही.

१. राहते घर व बँकेतील ठेवी पत्नीच्या. तिच्या पश्चात दोन्ही मुलींना समान. धाकटीने माझी पुस्तके रद्दीत घालू नयेत. थोरलीला हे सांगण्याची गरज नाही, ती नेणारच नाही.

२. मोजमापाची सर्व उपकरणे व टिपणवह्या धाकट्या भावाला. माझ्याच विभागात मिलवर, म्हणजे दोन रोलांमध्ये पत्रा दाबून पातळ करणाऱ्या यंत्रावर, तेल सोडण्याचे काम तो करी. एकोणीस वर्षांपूर्वी ॲल्युमिनियमचा पत्रा रोलला चिकटला आणि रोल कायमचा खराब झाला. तेल कमी सोडले गेले, असे मी चौकशी अहवालात लिहिले. भावाला गोदामात पाठवण्यात आले. तेव्हापासून आमचे बोलणे नाही.

३. माझा निष्कर्ष चुकीचा होता. टाकीतील तेल बेचाळीस अंशांवर होते, एवढ्यावरून मी तापमान ठीक धरले आणि दोष तेलाच्या प्रमाणावर ठेवला. परंतु पत्रा दाबला जातो तो रोलखाली, टाकीत नव्हे. रोल तापला की त्यावरचे तेल पातळ होते, थर तुटतो, धातूला धातू भिडतो आणि घर्षण वाढते. मग तेल कितीही ओतले तरी व्यर्थ. भावाने त्या दुपारी रोलजवळ तळहात धरून मिलचा वेग कमी करायला सांगितले होते. मी त्याला टाकीवरचा काटा दाखवला. निवृत्तीनंतर जुनी टिपणे पुन्हा मांडली, तेव्हा रोल नव्वद अंशांवर गेला असावा असे निघाले.

ही कबुली माझ्या निधनानंतर त्याला वाचून दाखवावी, असे मी योजले होते. पत्नीने विचारले, “मेल्यावर माफी मागणार? मग भावजींनी उत्तर द्यायचं कुणाला?”

४. म्हणून आज सह्यांपूर्वी भावाला बोलावले. त्याने मसुदा दोनदा वाचला आणि चष्मा पुसला. मग म्हणाला, “दादा, नव्वद नाही. शंभराच्या वर होता. हात धरवत नव्हता.”

कलम तीनमधील आकडा त्यानुसार बदलला आहे असे समजावे. त्याच्याकडे पुरावा मागितलेला नाही.

लाभार्थी असल्यामुळे तो साक्षीदार होऊ शकत नाही. सह्या होईपर्यंत तो स्वयंपाकघरात वहिनीकडे माझ्या तक्रारी करत बसला आहे.

स्थळ: राहत्या घरातील जेवणाचे टेबल
दिनांक: सात मार्च, सकाळी अकरा

(सही) मृत्युपत्र करणारा

साक्षीदार:
(सही) शेजारच्या दंतवैद्य बाई
(सही) कोपऱ्यावरचे छापखानेवाले