बिनपंपाचं घर

३ मार्च

चि. धाकट्यास अ. आ.

तू बेटावर जमीन घेतलीस, हे मला न्हाव्याच्या खुर्चीत कळलं. तोंडाला फेस होता म्हणून बोललो नाही, ते आता लिहितो.

काल होडी करून बघून आलो. चहूबाजूंनी पाणी, पिण्याजोगं थेंबभर नाही. वीज नाही, वाट नाही, कमरेएवढं गवत. वारा सुटला की होडी बंद. तुला हौस असेल तर खुशाल खेकड्यांशी गप्पा मार. पण बाबांना नेणार म्हणे! ब्याऐंशी वय, छातीत घरघर. दम लागला तर माशांना हाका मारशील? पंप दुरुस्त करून करून मी हे घर उभं केलं. इथं नळ सोडला की तिसऱ्या मजल्यावर धो धो पाणी. त्यांना कमी काय आहे? बाबा कुठंही जाणार नाहीत.

लोभ असावा असं लिहायची आज इच्छा नाही.

दादा

९ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्रातसुद्धा ओरडतोस. मग ऐक, राग मलाही येतो.

जमीन बाबांच्या सांगण्यावरून घेतली. समोरच्या काठावर दवाखाना आहे, होडी स्वतःची घेतोय. तुझ्या अंगणात सकाळपासून पंप धडधडतात. त्यांच्यावर आवाज चढवून तू बोलतोस, आणि पंप थांबले तरी तू थांबत नाहीस. मागच्या महिन्यात बाबांना बेटावर नेलं. तिथं खडकावर बसले. मग म्हणाले, "पाखरं ऐकू येतात रे! मला वाटलं, माझे कान गेले."

हे तुला सांगायला ते घाबरतात. बाप मुलाला घाबरतो, दादा.

रागावलास तरी माया पातळ करू नकोस.

धाकटा

१५ मार्च

चि. धाकट्यास अ. आ.

राग गेलेला नाही. दोघांनी मिळून मला परका केलंत.

पत्र वाचून अंगणातले पंप बंद केले आणि बाबांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, "ओरडू नकोस." मला वाटत होतं, मी हळूच बोलतोय.

वाऱ्यापावसाचे महिने ते इथंच राहतील, यावर वाद नको. आणि तू विहीर खणायला निघालायस म्हणे. खारं पाणी लागेल, गाढवा! पावसाचं पाणी धरू. वरच्या कातळावर टाकी मी येऊन बांधतो, तुझ्या हातची गळेल. तिथून उतारानं नळी आणली की पाणी आपल्या पायानं घरात येईल.

पंप बसवायचा नाही. आवाज होतो.

लोभाला गळती लागू देऊ नकोस.

दादा