शिवराज आला की रीडिंग उसळतं

३ मार्च
आजपासून डोकं शांत. माझी चिप तिळाएवढी. तिच्यावर केसाहून पातळ पडदा. समोरच्या वस्तूची ऊब लागली की व्होल्टेज देते. शेजारी शिवराजची चिप, दोघींसमोर विजेवर तापणारी प्लेट. लॅबच्या हेड मंजुषा मॅडम एकच डिझाइन ३१ला फॅबला, म्हणजे चिप बनवणाऱ्या कारखान्याला पाठवणार, नंतर थेट पुढच्या वर्षी. माझंच जाणार, ऑब्व्हियसली. शिवराज खुलताबादचा, चांगला मुलगा आहे. बॅकअप म्हणून.

७ मार्च
सॅबोटाज! शिवराज लॅबमध्ये आला की माझं रीडिंग उसळतं, गेला की पडतं. मी तर तो दिसला की लगेच चिपवर वाकून बसतो, प्रोटेक्शन म्हणून. तरी उसळतं! जाब विचारला. म्हणाला, मी काय केलं बे, चहाला बोलवायला आलतो. हिंसा मला मान्य नाही. स्टूल फेकलं, पण लागावं असं इंटेन्शन नव्हतं. भुवईला तीन टाके.

८ मार्च
सॉरी म्हणायला गेलो. 'सॉ' वरच कानाखाली बसली. अजून शिट्टी वाजतेय. त्याच्या भावनांचा रिस्पेक्ट म्हणून उलटा हात उचलला नाही. चावलो.
झाडायला येणाऱ्या केसरबाई म्हणाल्या, हितं दोन रेडे बांधले असते तर कमी घाण झाली असती.

१५ मार्च
नवी पॉलिसी: दिवसभर पहारा. चिपपासून वीतभर अंतरावर माझं तोंड. सिग्नल दणदणीत, एकदम स्टेडी! म्हणजे पहारा वर्क होतोय. शिवराज म्हणाला, जरा मागं सरकून बघ की लेका. ट्रॅप ओळखला. सरकलो नाही. नंतर त्याचा अंगठा दारात सापडला. दार मी लावत होतो, अंगठा त्याचा होता. चूक फिफ्टी-फिफ्टी.

२८ मार्च, दुपारी १
डेमो. मॅडम म्हणाल्या, हिमांशू, तू जरा बाहेर थांब. काचेतून बघत होतो. स्क्रीनवरची माझी लाइन धाडकन झोपली. आणि शिवराज बाजूलाच उभा!
घुसलो. कॉलर धरली. त्यानं पोटात गुडघा घातला. मी मल्टिमीटर हाणला, तो मॅडमच्या चष्म्याला लागला. दोघं टेबलाखाली. शिवराज माझ्या छातीवर बसला, मूठ उगारली आणि थांबला. प्लेटचा प्लग सॉकेटच्या बाहेर लोंबत होता. पिनांवर कोळ्याचं जाळं.
प्लग लावायचं काम माझं होतं. पण आठवण करून द्यायला कोणीतरी हवं ना.
शिवराज म्हणाला, म्हंजे तीन आठवडे ही चिप तुझं थोबाड मोजत व्हती व्हय? हसता हसता त्याच्या भुवईची जुनी जखम उसवली.

१ एप्रिल
मला सहा महिने लॅबबंदी. फॅबला शिवराजचं डिझाइन गेलं. दोन्ही चिप शेजारीशेजारी, माझं तोंड दोघींसमोर सारखंच. त्याच्या चिपनं ते जास्त क्लिअर पकडलं. मी कुठल्या मिनिटाला चिडलो हेसुद्धा ग्राफमध्ये दिसतं म्हणे.
दुपारी रिपोर्ट मेलवर आला. पहिलं पान. डिझाइन: शिवराज. उष्णतेचा स्रोत: हिमांशू.
आईनं विचारलं, तुझं नाव आहे ना रे त्यात? म्हटलं, आहे की, पहिल्याच पानावर. झूम करून दाखवलं. फक्त नाव.