दोन घसरणी, एक शिट्टी

दिनांक ९ फेब्रुवारी २०२५, रविवार, संध्याकाळी सहा वाजून अठरा मिनिटांनी माझ्या भावाचा मुलगा जयेश याने लोखंडी खुर्ची माझ्या तोंडावर मारली. जबडा दोन ठिकाणी मोडला, डावा कान गेला. डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत. म्हणून मी, वसुधा वासुदेव चांदोरकर, वय ६७, निवृत्त क्रीडाशिक्षिका व बास्केटबॉल पंच, राहणार बडा गणपती, इंदूर, कुणाच्याही दबावाविना हे मृत्युपत्र लिहिते. आधीचे रद्द.

त्या दिवशी चषकाच्या अंतिम सामन्यात मी पंच होते. नऊ सेकंद उरले असता, जयेश प्रशिक्षक असलेल्या संघाविरुद्ध खेळणारी स्वानंदी चेंडू छातीशी धरून पडली आणि वेगामुळे दोन हात घसरली. लोळली नाही, उठली नाही. पडल्यापडल्या पास दिला, बास्केट झाली. नियमाने असे घसरणे चालते; ते ट्रॅव्हल, म्हणजे चेंडू धरून बेकायदा सरकणे, ठरत नाही. मी शिट्टी वाजवली नाही. जयेशचा संघ एका गुणाने हरला.

"मॅडम को चश्मा दो रे भिया!" गर्दी ओरडली.

जयेश म्हणाला, "आत्या, मला मात्र ट्रॅव्हल दिलं होतंस!" आणि खुर्ची आली.

खरे आहे. २०११ साली याच चषकाच्या अंतिम सामन्यात तो सतरा वर्षांचा, असाच घसरला. मी शिट्टी फुंकली. त्याचा संघ हरला. माझ्या भावाने, श्रीहरीने, मैदानावरच पट्ट्याच्या बकलाने पोराची पाठ फोडली. मी सामन्याच्या गुणपत्रिकेवर सही करत राहिले. महिन्याने नियम पुन्हा वाचला, चूक कळली, गप्प बसले. कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी कबुली द्यायला शिकवले होते. मी ती फक्त मुलींकडून घेतली.

१. फ्लॅट जयेशला. खुर्ची माफ नाही. पोलीस तक्रार मी मागे घेणार नाही, माझ्यामागे कुणी घेऊ नये. तुरुंगातून सुटल्यावर माणसाला घर लागते.

२. शिट्ट्या व नियमपुस्तके स्वानंदीला. पंच हो, पण आधी वाच.

३. श्रीहरीला त्याचा पट्टा. त्या दिवशी मी उचलून आणला होता. बकलावरचे रक्त पुसलेले नाही. दुसरे काही नाही.

४. चषक समितीला वाकलेली खुर्ची. तुम्ही अहवालात लिहिलेत, "पंच पाय घसरून पडल्या." लाज वाटू द्या. अहवालात खुर्ची लिहा. आणि २०११ च्या गुणपत्रिकेवर पंचांची चूक लिहा, माझ्या नावासकट.

इंदूर, ३ मार्च २०२५
सही: वसुधा चांदोरकर
आमच्यासमोर सही केली: निवेदिता गोरे, शेजारीण; डॉ. अनीश पारनेरकर

या मृत्युपत्राची प्रत चषक समितीला आजच पाठवत आहे. समितीचे लेखी उत्तर ३१ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हाती पडावे. तोंडी निरोप पाठवू नये. एकच कान उरला आहे, तो तुमच्यासाठी नाही.